दर्भाचा कावळा

आबांच्या पिंडाला कावळा शिवेना. कल्याणच्या खाडीवर दहाव्याला जमलेली माणसं उन्हात उभी राहून कंटाळली. एरवी हातातला वडापाव पळवणारे कावळे त्या दिवशी झाडावर बसून गंमत बघत होते. नातवाला शिकवू, आईला सांभाळू, अशी सुचतील तेवढी वचनं देऊन झाली. मग थोरला मुलगा रतन चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "शिवेल कसा? आबा आयसीयूत होते तेव्हा आमचे धाकटे बंधू ऑफिसच्या पिकनिकला गेलेले." सुमितने हातातला तांब्या खाली ठेवला, चपला घातल्या आणि रिक्षा पकडून तडक घर गाठलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आबा सुटले. मागे राहिलेले मात्र अडकले.

त्या दिवसापासून भावाभावांत विस्तव जाईना. आणि राहायला कुठे, तर डोंबिवलीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर. जुनी चाळ पाडून इमारत झाली तेव्हा आबांनी बिल्डरच्या मागे लागून समोरासमोरचे फ्लॅट मागून घेतले होते. दार उघडलं की भाऊ दिसला पाहिजे, ही त्यांची हौस. आता भाऊ दिसला की दार बंद व्हायचं.

दोन दारांच्या मध्ये विमलाबाई, दोघांची आई. रात्री त्या रतनकडे झोपायच्या, दुपारी सुमितकडे जेवायच्या आणि दिवसभर निरोप पोचवायच्या. हे काम त्यांना आवडत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. आबा होते तोवर त्यांना घरात कुणी काही विचारलं नव्हतं. आता दोन्ही घरांचं पान त्यांच्यावाचून हलत नव्हतं. पण त्यांचा जीव एकाच गोष्टीसाठी तुटायचा. आपण आहोत तोवर पोरांनी एकमेकांशी बोलावं. दोघांनाही त्या सारख्या बजावायच्या, "तुम्ही बोलल्याशिवाय माझ्या पिंडाला कावळा शिवायचा नाही, सांगून ठेवते."

रतन म्हणायचा, "सांग त्याला, त्याचे बूट परत माझ्या दारात दिसले तर खाली फेकून देईन." विमलाबाई चार पावलं चालायच्या आणि सुमितला सांगायच्या, "दादा म्हणतो, बूट आत ठेवत जा रे, चोऱ्या होतायत." सुमित म्हणायचा, "त्याला सांग, आधी त्याच्या आर्यनचं ढोल बडवणं बंद करायला." त्या परत चार पावलं चालायच्या. "काका म्हणत होता, आर्यनचा हात काय बसलाय! फक्त दुपारी जरा हळू."

आईच्या तोंडातली साखर कधी कमी पडत नाही. पहिल्याच गणपतीत त्यांनी स्वतः वळलेले मोदक डब्यात भरून सुमितला दिले. "दादाने पाठवलेत. म्हणाला, त्या दिवशी मी बोलायला नको होतं." मग तोच डबा धुऊन, त्यात करंज्या घालून त्या रतनकडे परतल्या. "सुमित म्हणाला, चुकलं माझं." पुढे प्रत्येक सणाला त्यांनी एकाची माफी दुसऱ्याकडे पोचवली. दोघांनी कधी न मागितलेली.

आणि इथेच बाईंचं गणित चुकलं. समोरचा माफी मागतोय म्हटल्यावर कोण कशाला उठून जाईल? रतन म्हणायचा, चुकलंय ना त्याचं, मग येऊ दे की पाय धरायला. सुमितही तेच म्हणायचा. दोघे आपापल्या दाराआड जिंकून बसले होते. अशी आठ वर्षं गेली.

आठव्या वर्षी संक्रांतीच्या दिवशी विमलाबाई तिळगुळाची वाटी घेऊन निघाल्या आणि दोन दारांच्या मध्येच कोसळल्या. वाटी गरगरत लिफ्टपर्यंत गेली. दोन्ही दारं एकदम उघडली.

"लिफ्ट धर," रतन म्हणाला.

"तू खांद्याकडून उचल. मी पाय धरतो," सुमित म्हणाला.

विमलाबाईंनी ते ऐकलं. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात गेला होता आणि मनात आनंद मावत नव्हता. बोलले, पोरं बोलली!

डॉक्टरांनी सांगितलं, वाचा गेली आहे, परत येणं अवघड. कानावर पडलेलं मात्र सगळं कळतंय, तेव्हा त्यांच्याशी बोलत राहा. पोरं बोलत राहिली, पण एकमेकांशी. तिसऱ्या दिवशी वॉर्डात खाटेच्या दोन बाजूंना बसून दोघे वडापाव खात होते. सुमित म्हणाला, "दादा, तू पहिल्या गणपतीला मोदक पाठवलेस, तेव्हाच मी यायला हवं होतं. सॉरी बोललेलास तू."

"मी? मी कसले मोदक पाठवतोय? तूच बोललेलास ना, चुकलं माझं म्हणून?"

"हाड! मी कशाला बोलू?"

खाटेवर विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग दोघांनी एकेक सण काढला. दिवाळी, पाडवा, राखी. एकही माफी खरी निघेना. रतनने वडापावचा कागद चुरगाळला. "म्हणजे आईने खेळवलं रे आपल्याला. आठ वर्षं."

"ह्याचं त्याला, त्याचं ह्याला," सुमित म्हणाला. "आपलं जमलं असतं तर हिला कोण विचारणार होतं?"

विमलाबाईंनी डावा हात उचलला. मी जोडत होते रे, त्यांना सांगायचं होतं, टाके घालत होते. तोंडातून घरघर तेवढी निघाली. "पाणी हवंय वाटतं," असं म्हणून सुमितने चमचा तोंडाला लावला. ते पाणी गळ्यावरून उशीवर गेलं.

आईला घरी आणलं तोवर ही गोष्ट नातेवाइकांत पोचली होती. रतनची नंदा आणि सुमितची रचना, दोघी जावा, फोनवर ती आळीपाळीने सांगत. सासू घर फोडते हे लोकांना पटायला वेळ लागत नाही. रतनकडे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी त्यांची खाट टाकली. धुवायला-पुसायला ते सोयीचं होतं. दोन्ही फ्लॅटची दारं आता दिवसभर उघडी असायची. नातवंडं इकडून तिकडे धावायची, आमटीच्या वाट्या जायच्या-यायच्या. आबांनी मागितलं होतं आणि विमलाबाईंनी देवाला विनवलं होतं, अगदी तसं सगळं झालं होतं. त्यांना ते ऐकू यायचं. दिसायची ती ओल्या कपड्यांची दोरी.

त्या वर्षी गणपतीला दोन्ही घरं एका पंगतीला बसली. मोदक विकतचे होते. नंदा ताट घेऊन बाल्कनीत आली आणि मोदक कुस्करून भरवू लागली. विमलाबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं आणि जोर लावून काहीतरी म्हणायला गेल्या. लाळ गळली.

"अहो आई, सोडा. आता कुणाचा निरोप कुणाला द्यायचाय तुम्हाला?" नंदा म्हणाली. आत हशा पिकला.

खिडकीच्या गजावर कावळा येऊन बसला, मोदकाकडे बघत. रतनला तो पंगतीतून दिसला. "आई, आला बघ तुझा पाहुणा!" तो ओरडला. "आम्ही बोलतोय आता. तुझी इच्छा झाली ना पुरी? मग शिवेल आता लगेच."

खरं तर बाईंची इच्छा आत्ताच कुठे सुरू झाली होती. एकदा, एकच वाक्य पोरांना सांगायचं होतं. त्यांनी पुन्हा घशातून आवाज काढला.

"आणि नाहीच शिवला," सुमित मोदकावर तूप घेत म्हणाला, "तर दर्भाचा करू. अर्ध्या तासात मोकळे."

पंगत खो खो हसली. मशीनची शिट्टी वाजली तशी नंदाने मनगट सोडवून घेतलं, ताट खाली ठेवलं आणि ती कपडे काढू लागली.