गेटवरच्या गोळ्या

"हा रंग जरा खांद्यावर टाकून बघा, ताई. नुसतं हातात धरून शालू नाही समजत," म्हणत बाबूराव दिघ्यांनी घडी झटकली. पदर गादीवर पसरता पसरता त्यांना वाटलं, समोरची भिंत हळूच डावीकडे सरकली. त्यांनी डोळे मिटून उघडले. भिंत जागेवर आली, पण तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव उतरली आणि पोटातून काहीतरी उसळून वर यायला लागलं.

जे यायचं ते थांबणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. डाव्या हातानं त्यांनी शालू लांब लोटला, सदऱ्याचा पुढचा भाग दोन्ही मुठींत धरून झोळी केली आणि त्यात ओकले. काळपट, चहाच्या चोथ्यासारखं, मध्ये लाल रेघा. गादीच्या पांढऱ्या चादरीवर एक थेंब पडला नाही. मग ते आडवे झाले. जिच्या लग्नाचा शालू होता ती मुलगीच पुढे झाली आणि तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"शालू..." बाबूराव पुटपुटले.

"शालू ठीक आहे, काका. तुम्ही बोलू नका," ती रडत म्हणाली.

कापडाशी बाबूरावांचा संबंध जन्माचा. वडील रत्नागिरीकडून इंदूरला गिरणीत कारकून म्हणून आले. बाबूराव मागांच्या खात्यात शिरले आणि जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, झाले. मागांच्या रांगांमधून हिंडताना नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठला माग आजारी आहे. मग एका सकाळी गिरणीचं फाटक उघडलंच नाही. आज उघडेल, उद्या उघडेल करत माणसं बाहेर उभी राहिली आणि उभं राहण्याचीच सवय झाली. शहरात विदेशी सरबतांच्या पाट्या लागल्या, घराघरांवर डिशच्या छत्र्या बसून टीव्हीवर नवी चॅनलं दिसू लागली. गेटसमोर मात्र दर रविवारी सकाळी तीच मंडळी जमत राहिली. कोर्टाची तारीख ऐकायची, चहा प्यायचा, घरी जायचं.

बाबूरावांना त्यातल्या त्यात बरं काम मिळालं. कापड बाजारातल्या एका सेठना मराठी गिऱ्हाइकांशी गोडीनं बोलणारा माणूस हवा होता. काम मांडी घालून बसायचं, साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या. पण आयुष्यभर उभे राहिलेले गुडघे बसायला तयार नव्हते. लग्नसराईत तर जेवायचा डबा संध्याकाळी तसाच घरी परत यायचा. तेव्हा नानासाहेबांनी त्यांना लाल गोळी दिली.

नानासाहेब भागवत गिरणीत टाइमकीपर होते. आजोबा होळकरांच्या फौजेत होते, म्हणून नानासाहेबांच्या सदऱ्याचं वरचं बटण मे महिन्यातही लागलेलं असायचं. त्यांच्या ओळखीचं एक औषधांचं दुकान होतं. तिथून ते दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आणायचे आणि रविवारी सायकलच्या पिशवीतून काढून वाटायचे. कुणाची कंबर, कुणाचा खांदा. गिरणीनं प्रत्येकाच्या अंगात काही ना काही ठेवलंच होतं. "घे भिया, आराम पडेल," एवढंच इंदुरी ढंगात म्हणायचे. आराम पडायचा. सकाळी एक आणि दुपारी एक, असं बाबूरावांचं सुरू झालं. मग दुपारी दोन. वर बिडी होतीच.

इस्पितळात दोन बाटल्या रक्त चढलं, घशातून दुर्बीण घातली गेली, तेव्हा पोटात जखम सापडली. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"काका, पोटात कधीपासून दुखतंय?"

"दुखलंच नाही ना, मॅडम. दुखलं असतं तर आलो नसतो का?"

"अजिबात नाही?"

"कसम से नाही. थोडी कमजोरी वाटायची. चक्कर यायची. मी म्हटलं शुगर असेल. शुगर बारा वर्षांपासून आहे."

"आणि संडास? काळी व्हायची?"

पलीकडे त्यांच्या पत्नी इंदिराबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाबूराव कानापर्यंत लाल झाले.

"व्हायची. पण मी शुगरसाठी जांभळाच्या बियांची पावडर घेतो ना. मला वाटलं, तिचाच रंग उतरतोय."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "जांभळाचा नाही, काका, रक्ताचा रंग होता तो. जुन्या शुगरनं नसा बधिर होतात. जखम होते, पण आतून खबर येत नाही. वर शुगर वाढलेली असली की जखम भरायलाही वेळ लागतो. दुखण्याच्या गोळ्या घेत होतात?"

बाबूराव पांघरुणाची घडी सारखी करायला लागले.

"बोला ना," इंदिराबाई म्हणाल्या. "नाहीतर मी बोलते. यांचे नानासाहेब देतात, मॅडम. यांनाच नाही, सगळ्या गेटला देतात."

"त्या गोळ्यांनी पोटाचं आतलं अस्तर खरवडलं जातं. त्यात बिडी, त्यात उपाशीपोटी. तुमच्या पोटात जंतूही सापडलाय, त्याचं औषध देते. पण आता ती गोळी बंद, बिडी बंद. गुडघ्यांसाठी दुसरं काही बघू. आणि गेटवर ज्यांना ज्यांना शुगर आहे, त्यांना पाठवा माझ्याकडे."

नानासाहेब संध्याकाळी आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बसले नाहीत. त्यांच्या हातात मोसंबी होती. ती ते कुणाला देतच नव्हते.

"इंदिरा वहिनींनी सांगितलं मला सगळं," ते म्हणाले. "बाबू, मी..."

"तू काय जहर थोडंच दिलंस?" बाबूरावांचा आवाज अजून बारीक होता. "माझे घुटने दुखत होते, तू दवा दिलीस. दर्द गेला की नाही?"

"गेला."

"मग बस ना यार. मोसंबी दे इकडे."

नानासाहेब बसले. मोसंबी देत म्हणाले, "आता काय करायचं?"

"करायचं काय, सगळ्यांना सांगायचं. रविवारी."

"संडासाचं? गेटवर?" नानासाहेबांनी वरच्या बटणाला हात लावून पाहिला. "बाबू, इज्जत नाही राहणार."

बाबूरावांनी मोसंबी उशाशी ठेवली.

घरी परतल्यावर कळलं, लग्नसराई थांबत नसल्यानं सेठनी गादीवर दुसरा माणूस बसवला होता. सेठ स्वतः येऊन भेटून गेले, तब्येतीची चौकशी करून गेले, पण परत कधी येता असं काही विचारलं नाही. बाबूराव दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. इंदिराबाईंनी मऊ भात कालवून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "रुसून बसायला सासुरवाडीला आलात का? जेवा. रविवारी जायचंय ना तुम्हाला?"

रविवारी गेटसमोर नेहमीची माणसं होती. युनियनच्या वकिलांचा निरोप वाचून झाला. त्यात नेहमीप्रमाणे नवीन काही नव्हतं. माणसं पांगायला लागली, तेव्हा बाबूराव चहावाल्याच्या बाकावर चढले. इतक्या वर्षांच्या गेटमीटिंगांत त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, म्हणून सगळेच थांबले.

"भिया लोक, एक विचारायचंय." त्यांना घाम फुटला. "कुणाची संडास काळी होते का?"

जो हशा फुटला, तो गिरणी बंद झाल्यापासून त्या रस्त्यानं ऐकला नव्हता.

"अरे बाबूराव, पोहे-जलेबी जास्त झाले का?"

"ऐसा सवाल तर माझ्या बायकोनं पण नाही केला आजपर्यंत!"

"हसा," बाबूराव म्हणाले. "मी पण हसलोच असतो. पण मी रक्त ओकून आलोय." हशा विरला. "आपल्या खात्यातले ते जुने माग आठवतात? सुताचा तार तुटला की माग थांबायला हवा. ते थांबायचेच नाहीत. खराब कापड विणत जायचे आणि आपल्याला पत्ताच नाही. शुगरवाल्याचं पोट तसं असतं, असं मला तरी समजलं. आत तुटतं, बाहेर खबर नाही. ज्याला शुगर आहे आणि जो ही लाल गोळी खातोय, त्यानं उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवायचं. काळी दिसली तर आजच. शरम नको करू."

"मग घुटन्यांचं काय करू? काटून फेकू?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ते मला काय माहीत? मी जॉबर आहे. डॉक्टरला विचार."

पुन्हा हसू आलं, पण या वेळी थोडं वेगळं. ते बाकावरून उतरले. दोन-तीन माणसं जवळ येऊन इस्पितळाचा रस्ता विचारून गेली. नानासाहेब सायकल धरून लांब उभे होते. त्यांच्या पिशवीकडे आज कुणी गेलं नव्हतं.

दोघं चालायला लागले. बंद गिरणीची भिंत संपल्यावर नानासाहेबांनी हाक मारली.

"बाबू."

"हं."

"मला होते."

बाबूराव थांबले. "काळी?"

"होळीपासून. शुगर पण असेल. मी कधी तपासलीच नाही. रात्री सारखं उठावं लागतं."

"अरे! मग त्या दिवशी खाटेपाशी बोलला का नाहीस?"

"गोळ्या मी वाटल्या सगळ्यांना. मी कोणत्या तोंडानं बोलू?" नानासाहेबांचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. इतके दिवस तो आपल्याला दिसला कसा नाही, याचं बाबूरावांनाच नवल वाटलं.

त्यांनी सायकल ओळखीच्या पानवाल्याकडे लावली आणि हात करून सवारीचा टेम्पो थांबवला.

रविवारी इस्पितळात फक्त इमर्जन्सी उघडी होती. बाकावर बायाबापड्या, कडेवरची लेकरं, हात मोडलेला एक हलवाई. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "हां, क्या तकलीफ है?"

बाबूराव उत्तर द्यायला पुढे सरकले. नानासाहेबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवून त्यांना थांबवलं. मग त्यांनी गळ्याजवळचं बटण काढलं, एक श्वास घेतला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "पाखाना काला आता है, साहब. होली से."