घरून मोजून येऊ नका

अहो, इकडे बघा! शिंप्याच्या गळ्यातली टेप बोलतेय मी. तीच ती, पिवळी, मेणकापडाची, टोकाला पत्र्याची टोपी घातलेली. या गल्लीत अशी कंबर नाही जिला मी मिठी मारलेली नाही. त्यामुळे माझ्यापुढे पोट आत ओढून उभं राहू नका, दमाल. मास्तर "श्वास सोडा" म्हणेपर्यंत मी गप्प थांबते आणि मग जे आहे ते बाहेर येतंच.

एक गोष्ट आधीच सांगते, मागाहून ओरड नको. मी ताणलेली आहे. नव्या टेपेपेक्षा मी चांगलीच लांब भरते. त्यामुळे माझ्या मापात प्रत्येक जण थोडा बारीक निघतो. कापड बेतायलाही मीच असते, म्हणून कपडा अंगावर चोख बसतो. माणूस खूश, कपडाही नीट. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं, त्याचं श्रेय मास्तर आपल्या हाताला देतात. देऊ देत बिचारे.

मला ताणलं कोणी? मास्तरांच्या पोटच्या पोरीनं! तेव्हा ती शाळेत जायची आणि सगळे तिला मुलगा समजायचे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पोर शाळा सुटली की दुकानातच. दुपारी मास्तर जेवून आडवे झाले की ही मला कोपऱ्यातल्या दोन खिळ्यांना बांधायची आणि माझ्यावर कोटाचं जाड कापड टाकून पडदा करायची. पडद्यामागे गिऱ्हाइकांचे तयार फ्रॉक अंगाला लावून आरशात बघायची. काय खुलायची हो पोर! इकडे माझा मात्र जीव निघायचा. साधं सुती कापड टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? मास्तरांची चाहूल लागली की पडदा खाली, मी टेबलावर आणि ही साळसूदपणे बटणं निवडत बसलेली.

मास्तरांची माप घ्यायची एक रीत आहे. गिऱ्हाईक उभं राहिलं की काजबटण करणारी मावशी आतून विचारणार, "कोणाचं?" मग मास्तर आधी माप कोणाचं ते सांगणार आणि मग छाती, कंबर, बाही, एकेक आकडा खड्या आवाजात पुकारणार. मावशी ते कापडाच्या काठावर खडूनं लिहिणार. आवाज समोरच्या बेकरीपर्यंत जायचा आणि बेकरीवाला मान खाली घालून पाव कापत कापत हसायचा. बायका लाजून चूर व्हायच्या. पण तक्रार कोणी केली नाही, कारण आकडा लहान असायचा ना!

पोर मोठी झाली आणि दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. बरीच वर्षं आलीच नाही. आली ती अंगावर स्वतः शिवलेला निळा झगा घालून आणि कानात बारीक खडे लावून. दारातच म्हणाली, "बाबा, मी पहिल्यापासून ही अशीच होते. आता लपवणार नाही." मास्तरांच्या हातातली सुई तशीच राहिली. मावशी मात्र लगबगीनं उठली आणि म्हणाली, "ये ताई, आधी पाणी पी." तेव्हापासून ती सगळ्यांची ताई. फक्त मास्तर सोडून. ते तिला कुठल्याच नावानं हाक मारायचे नाहीत. काम असलं की टेबलावर कात्री ठोकायचे, टक् टक्, आणि ताईनं वळून बघायचं. असा बाप मी दुसरा पाहिला नाही.

पण मास्तरांची पाठ धरलेली. वाकून माप घेणं होईना. ते ताईला म्हणाले, "मापं तू घे. लग्नाचा हंगाम संपेपर्यंत बघू. गिऱ्हाईक तुटलं तर मागच्या खोलीत मशीन लावून देईन. मग पुढं यायचं नाही."

"मागे लपूनच बसायचं असतं तर परत कशाला आले असते?" ताई म्हणाली. मास्तरांनी मला गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि ताईनं उचलून गळ्यात घातलं. मी तिच्या मानेला ओळखीनं चिकटले.

आणि मग सुरू झाली गंमत. कोपऱ्यावर पार्लर आहे, त्या वहिनी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्रच. पहिल्याच आठवड्यात आल्या. धाकट्या बहिणीचं लग्न, अंगाबरोबर बसणारा ड्रेस हवा. ताई पुढे झाली तशा वहिनी दोन पावलं मागे.

"नको बाई. ही माप घेणार? मला नाही चालायचं."

मावशी आतून बाहेर आली. दातात दोरा, पण जीभ मोकळी. "इतकी वर्षं मास्तरांनी मापं घेतली तेव्हा चाललं. आता बाई घेतेय तर चालत नाही होय?"

वहिनी आणखी चिडल्या. "मी घरून माप पाठवीन. आणि माझ्या कापडाला मास्तरांनीच हात लावायचा."

त्यांचं बघून बाकीच्यांनीही तेच ठरवलं. घरोघरी कपाटातून कोऱ्या टेपा निघाल्या. झालं! बायकांचे डोळे पांढरे. जिला तिला आपली कंबर वाढलेली दिसू लागली. "कालपरवापर्यंत तर बरी होते गं मी!" कोणी जिने चढू लागलं, कोणी रात्रीचं जेवण सोडलं. बेकरीवाल्याचे केक तसेच पडून राहू लागले. तो बिचारा रोज दारात उभा राहून विचारायचा, "गल्लीत काही साथ आलीय का हो?" मी ताईच्या गळ्यात हसून हसून गुंडाळी झाले.

ताई मात्र हसत नव्हती. बायका कापड मास्तरांच्या हातात द्यायच्या, तिच्याकडे न बघता निघून जायच्या. तिच्या टेबलावर धूळ बसायला लागली. एकदा मावशी मागची खोली झाडताना दिसली, तेव्हा ताईचा चेहरा एवढासा झाला. "मावशी, इतक्यातच?" मावशी म्हणाली, "अगं उंदीर झालेत, म्हणून." पण ताईचा विश्वास बसला नाही. खरं सांगते, माझाही बसला नाही.

वहिनींचं माप आलं तेव्हा ताई आकडे बघून म्हणाली, "बाबा, हे माप आपल्या टेपेशी जुळणार नाही. त्यांना एकदा बोलवा." मास्तरांनी कात्री ठोकली, टक् टक्, म्हणजे गप्प. मला तिच्या गळ्यातून ओढून घेतलं आणि वहिनींचा आकडा माझ्यावर धरून सरळ कापड बेतलं. मला वाटलं, मी ताणलेली आहे हे म्हाताऱ्याला ठाऊकच नाही की काय!

लग्न दोन दिवसांवर आलं आणि वहिनी ड्रेस घालून बघायला आल्या. आधीच मी लांब, त्यात वहिनींनी पंधरवडाभर पोटाला चिमटा काढलेला. तो ड्रेस असा ढगळ झाला की आत मावशीही मावली असती. वहिनींनी आरशात पाहिलं आणि किंचाळल्या. "मुद्दाम केलंत! परवा लग्न आहे माझ्या बहिणीचं!"

"घरून आणलेलं माप," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्यात शिंप्यानं बदल करायचा नसतो."

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. डोळ्यांत पाणी. ताई जवळ गेली, पण हातभर अंतरावर थांबली. "मी माप घेऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. ताई परत आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग उठल्या आणि हात वर केले. ताईनं मला अलगद त्यांच्याभोवती फिरवलं. आणि तिनं आकडा पुकारला नाही! मावशीच्या कानात जाऊन हळूच सांगितला. वहिनींचं तोंड उघडंच. "ओरडायचं नाही? म्हणजे बेकरीवाल्याला कळायचं नाही?"

"त्याला कशाला कळायला हवं?" ताई हसली. मग माझ्यावरचा आकडा वहिनींना दाखवला. तो बघून वहिनी अशा फुलल्या की विचारू नका. ताईनं तिथल्या तिथे टाचण्या लावल्या आणि संध्याकाळपर्यंत ड्रेस आत घेऊन दिला. काय बसला होता म्हणता!

वहिनी निघताना घुटमळल्या. "मी तुमच्याबद्दल बाहेर बरंच काय काय बोललेय."

"ऐकलंय मी."

"चुकलंच माझं. आता उलटं बोलेन. तोंड काय, तेच आहे." मग एकदम म्हणाल्या, "परवा लग्नाला या. माझ्या शेजारी बसा. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

त्या गेल्या आणि ताई खुर्चीत बसून राहिली. "मावशी, जाऊ का गं? पण घालू काय? सगळ्यांसाठी शिवलं, स्वतःसाठी लग्नात घालण्याजोगं एकही नाही."

टक् टक्. मास्तरांनी कात्री ठोकली होती. ताईनं वळून बघितलं. मास्तर पाठीला हात लावून उठले, तिच्या गळ्यातून मला काढलं आणि म्हणाले, "सरळ उभी राहा."

सवयीप्रमाणे मावशीनं आतून विचारलं, "कोणाचं?"

मास्तरांनी मला ताईच्या कमरेभोवती घेतलं. ताईनं आकडा पाहिला आणि तिला हसू फुटलं. "बाबा, मी इतकी बारीक नाही. ही टेप ताणलेली आहे."

"ठाऊक आहे."

"मग वहिनींचा ड्रेस..."

"तोही ठाऊक होता. ढगळ कपडा आत घेता येतो. त्यासाठी बाईला इथं यावं मात्र लागतं." मास्तरांनी मान वर केली नाही. "ही टेप कोणी ताणली तेही ठाऊक आहे. कोपऱ्यात पडदा बांधायचीस ना? मी दारापर्यंत यायचो आणि मागं फिरायचो. आत यायला हवं होतं मी."

ताईचे डोळे माझ्यावर गळू लागले. मेणकापड आहे म्हणून बरं, नाहीतर आणखी ताणले असते!

"अहो, कोणाचं लिहू?" मावशी आतून वैतागून ओरडली.

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि कधी नव्हे असा आवाज लावला. "माझ्या मुलीचं! लिही!"

समोर बेकरीवाल्याची सुरी थांबली. पार्लरच्या दारातून दोन डोकी बाहेर आली. "बाबा, हळू. अख्खी गल्ली ऐकतेय," ताई म्हणाली.

"ऐकू दे," मास्तर म्हणाले, आणि पुढचा आकडा त्याहून मोठ्यानं पुकारला.

आता माझं वय झालं. अंगाला भेगा पडल्यात, दोन आकडे पुसलेत, पत्र्याची टोपीही सैल झालीय. दुकानात कोरी टेप आलीय, पण बायका अजून मलाच मागतात आणि मी अजून ताईच्या गळ्यात, दुकानाच्या दर्शनी भागात. मागच्या खोलीत उंदीरच राहतात. मावशी खरंच बोलत होती.

या कधीतरी. तुमच्या घरी कोणाला मागच्या खोलीत बसवलं असेल तर त्यांनाही घेऊन या, पुढच्या दारानं, हाताला धरून. मावशी आतून विचारेल, कोणाचं माप? तेव्हा मोठ्यानं सांगा. आणि हो, घरून मोजून येऊ नका.