मखमलीतला दोर

मी दोर बोलतोय. दोरी नव्हे, दोर. तागाचा, तीन पेडांचा, अंगठ्याहून जाड. हे आधीच सांगतो, कारण मला बघून कोणाला ते पटत नाही. माझ्या अंगावर लाल मखमल शिवली आहे आणि दोन्ही टोकांना पितळी आकडे आहेत. म्हाताऱ्याला झबलं घालावं तसं ते दिसतं. पण आत मी तोच आहे.

मी एका माजी राष्ट्राध्यक्षांच्या घरात असतो. साहेब जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरच्यांनी घर सरकारला दिलं आणि आता लोक तिकीट काढून ते बघायला येतात. वरच्या मजल्यावर साहेबांची कामाची खोली आहे. टेबल, खुर्ची, दिवा, पुस्तकांचं कपाट, एक खिडकी. त्या सगळ्याच्या अलीकडे, दोन पितळी खांबांच्या मध्ये, मी. माझ्या पलीकडे कोणी जायचं नाही. म्हणजे येईल त्याच्यावर संशय घ्यायचा, हेच माझं काम.

ते मला जड गेलं नाही. संशय माझ्या पिळातच आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. दोर वळणारा म्हातारा कमरेला ताग गुंडाळून उलटा चालायचा आणि चालता चालता पीळ भरत जायचा. उलटा चालणारा माणूस सहसा कोणावर विश्वास ठेवत नाही. तो म्हणायचा, "पीळ कमी पडला तर दोराचं काही जात नाही, खालच्या माणसाचं जातं." माझ्याबरोबरचे दोर बंदरावर गेले, विहिरींवर गेले, सर्कशीत गेले. एक भेंडोळं तुरुंगात गेलं. तिथं दोराचं काय काम, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला घेतलं सामान हलवणाऱ्या एका माणसानं. सगळे त्याला पैलवान म्हणत. कपाटं, पलंग, पियानो, काय वाटेल ते तो खिडकीतून खाली उतरवायचा. रोज कामाआधी मला मुठीतून पूर्ण सरकवून बघायचा. काल पियानो पेललेल्या दोराची आज पुन्हा परीक्षा. मला राग यायचा. एकदा त्याचा जोडीदार म्हणाला, "अरे, कालच तर बघितलास." पैलवान म्हणाला, "कालचा दोर काल होता."

हे घर लोकांना दाखवायचं ठरलं तेव्हा सामान लावायला पैलवानच आला होता. ते त्याचं शेवटचं काम. त्याच्या मुलानं नायलॉनचे पट्टे आणले होते, त्यामुळे जाताना मला कोणी उचललं नाही. इथल्या व्यवस्थापक बाईंनी माझा हवा तेवढा तुकडा कापला आणि शिंप्याकडून मखमल चढवून घेतली. उरलेलं माझं अंग कुठं गेलं ठाऊक नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मखमलीनंही जात नाही.

इथं उभं राहून मी माणसं पुष्कळ बघितली. माणूस माझ्यापाशी आला की पहिल्यांदा हात माझ्यावर ठेवतो. मग रेलतो. मग बायकोला चुकीची माहिती सांगतो. मग इकडेतिकडे बघतो आणि एक पाय हळूच पुढे सरकवतो. का, ते त्यालाही सांगता येणार नाही. पलीकडे एक जुनी खुर्ची आहे, घरी याहून चांगली असेल. पण मी मध्ये आहे ना, म्हणून त्याला तीच हवी. सगळ्यात वाईट ते, जे आधी विचारतात, "आत गेलं तर चालेल का?" त्यांनी जायचं ठरवलेलं असतं.

खोलीवर एक पहारेकरी होता. अंगानं काडी, म्हणून त्याला सगळे सुतळी म्हणत. माझ्या शेजारच्या स्टुलावर तो बसायचा. माणूस बरा होता, पण मध्यंतरी टेबलावरचा काचेचा पेपरवेट गेला. कोणी नेला ते ना त्यानं बघितलं, ना मी. शाळेची सहल आली होती आणि कोणीतरी माझ्यावर झोके घेत होतं. व्यवस्थापक बाई सुतळीला एवढंच म्हणाल्या, "आता एक टाचणी जरी हलली, तरी तुम्ही या खोलीत नसाल."

त्यानंतरच एक बाई येऊ लागली.

साठीच्या पुढची. करडी पिशवी, पायात मऊ चपला, येताना आवाज नाही. पहिल्या दिवशी सकाळी आली. घर दाखवणारी मुलगी तेव्हा लोकांना सांगत होती, "साहेब दिवा लावून काम करत नसत. म्हणायचे, सूर्य मावळला की सरकारनंही झोपावं." साहेब असं म्हणायचे की नाही, मला विचारू नका, मी नंतर आलो. पण हेच वाक्य ती मुलगी कधी साहेबांच्या तोंडी घालते, कधी त्यांच्या बायकोच्या.

त्या बाईनं विचारलं, "आलेला प्रत्येक कागद वाचायचे?"

"प्रत्येक. शेवटच्या ओळीपर्यंत."

"याच खुर्चीत बसून?"

"याच."

"कुठल्या वेळी?"

मुलगी हसली. "ते कसं सांगणार, आजी? सकाळी, दुपारी, कधी संध्याकाळीसुद्धा."

बाई पुन्हा आली ती भर दुपारी. मग एकदा ढगाळ दिवस बघून आली. दरवेळी तिकीट काढायची आणि थेट वर यायची. बाकी घर तिनं बघितलंच नाही. भिंतीवरच्या फोटोंत साहेब मोठमोठ्या माणसांशी हात मिळवत होते, तिकडे तिची मान वळली नाही. टेबल, खिडकी, पुन्हा टेबल.

आणि तिनं मला हात लावला नाही. एकदाही नाही. सगळे लावतात. ही दोन हात मागे उभी राहायची, हात पिशवीच्या बंदावर. मी मनात म्हटलं, ही सराईत आहे. हिला बोटांचे ठसे नको आहेत.

सुतळीचंही तेच मत होतं. जेवणाच्या सुट्टीत खालचा तिकीटवाला वर आला, तेव्हा दोघांचं बोलणं झालं.

"तुझी पिशवीवाली आज आली नाही का रे, सुतळी?"

"येईल. वेळा बघून ठेवतेय. कधी गर्दी असते, कधी नसते."

"साहेबांवर जीव जडला असेल तिचा."

"टेबलावर जडलाय."

"मग पिशवी लहान पडेल तिला."

"हस तू. पेपरवेट गेला तेव्हा बोलणी मी खाल्ली."

"मग डोळ्यांत तेल घालून बस. निदान चष्मा तरी घाल. तो नेहमीसारखा खाली माझ्या खिडकीत पडलाय."

"तो वाचायचा आहे. लांबचं मला स्वच्छ दिसतं. चोर लांबूनच ओळखायचा असतो."

"आणि जवळचं? परवा पेपर उलटा धरला होतास. मी म्हटलं, ह्याला आज बातम्या खालून वर लागल्या."

सुतळीनं त्याला पायऱ्यांपर्यंत हाकललं.

त्याच दिवशी ती आली. घर बंद व्हायची वेळ जवळ आली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीतून उजेड येत होता, पण टेबलापर्यंत येता येता त्यातला जीव गेला होता. बाई तिच्या ठरलेल्या जागी उभी राहिली आणि तिनं पिशवीत हात घातला.

सुतळी स्टुलावरून उठला तो एकदम तिच्या मनगटावरच. "काय आहे पिशवीत? दाखवा."

हिसक्यानं तिच्या हातातला कागद सुटला आणि माझ्या खालून सरकत टेबलाच्या पायापाशी जाऊन पडला. घडीचा कागद. बाकी काही नाही.

"सोडा हात," ती म्हणाली. "म्हातारी आहे मी. पळून कुठं जाणार?"

सुतळीनं हात सोडला, पण आवाज तसाच ठेवला. "रोज कशाला येता, मॅडम?"

"उजेड बघायला."

"उजेड बाहेर रस्त्यावर फुकट आहे."

"या टेबलावरचा बघायचाय."

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, भाजीचा भाव सांगावा तसं. तिच्या भावाला फाशीची शिक्षा झाली होती. आईनं राष्ट्राध्यक्षांना दयेचा अर्ज लिहिला. तो याच टेबलावर आला आणि नामंजूर झाला.

सुतळीनं विचारलं, "केलं होतं त्यानं?"

"केलं होतं. त्यावरून मी भांडायला आले नाही. अर्ज आईनं पेन्सिलीनं लिहिला होता. घरात पेन होता. पण ती म्हणाली, शब्द चुकला तर खोडता यायला हवा, एवढ्या मोठ्या माणसाला जायचाय. नंतर मामा जन्मभर तिला बोलत राहिला. पुसट पेन्सिल कोण वाचतो? शाईनं लिहिला असतास तर वाचला असता आणि पोरगा सुटला असता. मामा गेला. आता आई अंथरुणाला खिळलीय आणि तेच स्वतःला म्हणते. पोराला मीच घालवला म्हणते."

तेव्हा मला कळलं, ती माझ्यापासून दोन हात लांब का उभी राहते ते. मखमल कितीही शिवा, ज्याला दोर ओळखायचा तो ओळखतो. तुरुंगात गेलेल्या त्या भेंडोळ्याची मला आठवण झाली. पण संशय लगेच जात नाही. मी म्हटलं, गोष्ट रचून सांगणारेही असतात.

"तो अर्ज मला पाठ आहे," ती म्हणाली. "तसाच, तसल्याच पेन्सिलीनं लिहून आणलाय. त्या खुर्चीत बसून, दिव्याशिवाय, असल्या मावळत्या उजेडातही तो वाचता येतो का, एवढंच मला बघायचंय. येत असेल तर साहेबांनी तो वाचला आणि नाही म्हणाले. मग ते त्यांचं. आईचं नाही."

"तुम्हाला आत जाता येणार नाही, ताई."

मॅडमची ताई झाली होती. माझ्या ते लक्षात आलं.

"मी येत नाही. माझा कागद आत पडलाय, तो तुम्हाला आणावाच लागेल. आत जाल तेव्हा बसून वाचा."

सुतळीनं दाराकडे बघितलं. मग माझा आकडा काढला. इतक्या वर्षांत झाडूवाला आणि तो पेपरवेट नेणारा सोडला तर माझ्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. त्यानं कागद उचलला, उलगडला, टेबलावर ठेवला. आणि साहेबांच्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली.

"खोटं सांगू नका," बाई म्हणाली. "खोटा धीर देणारी माणसं घरात पुष्कळ आहेत."

तो कागदावर वाकला. त्याचा चष्मा खाली तिकिटाच्या खिडकीत होता, हे तुम्हाला सांगितलंच आहे. बाईला ते माहीत नव्हतं. मी एका टोकानं खांबाला लोंबत होतो आणि तिथून मला त्याचा चेहरा दिसत होता. डोळे बारीक केले. कागद जवळ घेतला. लांब धरला. मग तो ओळीमागून ओळ बोट सरकवत खाली गेला. सावकाश, वाचणारा माणूस जातो तसा.

"वाचता येतंय," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. स्वच्छ आहे. आईचं अक्षर चांगलं असणार."

बाई हलली नाही. "शेवटी काय लिहिलंय?"

खिडकीबाहेर कोणीतरी बागेचं फाटक ओढत होतं. सुतळीनं कागदाकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं.

"शेवटी आई काय लिहिणार, ताई? माझ्या पोराला जगू द्या, म्हणून."

तिनं पिशवीचा बंद सावरला. मग म्हणाली, "हो. तेच आहे."

त्यानं कागद आणून दिला. तिनं तो तिथंच उघडला, स्वतः एकदा बघितला आणि घडी करून पिशवीत ठेवला. "आज सांगते आईला," म्हणाली आणि आवाज न करता खाली उतरली.

तो कागद मी वाचला नाही. मला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी तिथून दिसला नसता. सुतळीनं खरोखर दोन अक्षरं तरी ओळखली, की सगळंच अंदाजानं सांगितलं? आणि तिनं "तेच आहे" म्हटलं ते खरं होतं म्हणून, की एवढं उत्तर घेऊनच तिला घरी जायचं होतं म्हणून? मी त्या दोघांना मुठीतून सरकवून बघितलंय, पैलवान मला बघायचा तसं. गाठ सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक बाई खोलीत आल्या. खुर्ची जागेवरून सरकली होती, तिची गादी दबली होती.

"इथं कोण बसलं होतं?"

"मी," सुतळी म्हणाला.

"का?"

"पाय दुखत होते."

"शेजारी स्टूल आहे ना?"

तो खुर्ची पुन्हा जागेवर सरकवू लागला. त्या म्हातारीबद्दल एक शब्द सांगितला असता तर कदाचित निभावलं असतं. पण मग बाईंनी चौकशी केली असती, कागद काय, चष्मा कुठं होता, आणि गोष्ट घराबाहेर गेली असती. त्याची बदली बाहेरच्या फाटकावर झाली. आता तो उन्हात उभा राहून गाड्यांना जागा दाखवतो.

ती बाई पुन्हा आली नाही. नवा पहारेकरी जाड आहे आणि झोपतो. छताला कॅमेरा बसवलाय. यंदा माझ्या जागी काच येणार, असं घर दाखवणारी मुलगी परवा कोणाला तरी सांगत होती. येऊ दे. मखमल काढून मला कोणी ओझ्याला लावलं तर अजून पियानो उतरवीन.

तोवर इथं आलात तर माझ्यावर खुशाल हात ठेवा. मी तुमच्यावर संशय घेईन, ते मनाला लावून घेऊ नका. फक्त एक करा. मी जे सांगितलं ते ऐकलंत, ते स्वतःपाशी ठेवा. कुठल्याशा घरात एक म्हातारी अंथरुणावर पडलेली आहे. ती अजून असली, तर तिच्या कानावर हे जाता कामा नये.