कप्तानाला बसवलं

वॉल्टर हॅनचरुकला केटल रॅपिड्समध्ये वॉल्टर म्हणणारी एकच व्यक्ती होती, त्याची आई, आणि तीही रागावलेली असेल तरच. बाकी सगळ्या गावासाठी तो हॅंची. पंधरा हंगाम तो बर्फावरच्या हॉकीत, आइस हॉकीत, बचावफळीत खेळला. सात संघांतून फिरला, दर वेळी सामान बांधून, दर वेळी बायकोचे टोमणे ऐकत. शेवटी गुडघ्यांनी आणि डोक्याने एकदमच संप पुकारला, तेव्हा खेळ सुटला. मग काही वर्षं गाडीतून खेडोपाडी हिंडत नवे खेळाडू हेरले, आणि आता तो लॉगर्स संघाचा जनरल मॅनेजर होता. म्हणजे टाय लावायचा, फोनवर भांडायचं आणि संघ हरला की गावभर तोंड लपवत फिरायचं. टायची गाठ बायको घालून द्यायची. हा ती सैल करून डोक्यावरून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तशीच चढवायचा.

त्या सकाळी सरावाच्या वेळी तो बर्फाच्या मैदानाभोवतीच्या काचेपाशी कॉफी घेऊन उभा होता. बघत होता एकालाच, कप्तान कर्टिस प्रूडोमला. हॅंचीच्या शेवटच्या हंगामात हा प्रूडी संघात नवा होता, हॅंचीच्या शेजारच्या बाकावर बसून बूट बांधायचा. आता त्याच्याच जिवावर संघ उभा होता. गेल्या आठवड्यात मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटला, उठला, पुढचा गोलही त्यानेच केला. गाव खूश. पण आज तो पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, मारून झाला की मान वळवत होता, दिव्यांकडे पाठ करत होता. खाली वाकून उठला की क्षणभर काठीवर भार देऊन थांबत होता. हॅंचीला ते थांबणं ओळखीचं होतं. खेळ सुटल्यावर दोन वर्षं त्याने स्वतःच्या घरात काळा चष्मा लावून काढली होती, आणि धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा त्याला फोटोंवरूनच ठाऊक होता.

सराव संपल्यावर त्याने प्रूडीला गाठलं.

"डोकं कसंय?"

"जागेवर आहे."

"दुखतंय?"

"तुझा टाय बघितला की."

"प्रूडी, मी गंमत करत नाहीये."

"मीपण नाही. भयानक टाय आहे. डॉक्टरांना विचार ना, परीक्षा पास झालोय मी."

इथेच तर गोम होती. हंगामाच्या आरंभी प्रत्येकाची डोक्याची परीक्षा होते: शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा. पुढे मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घेतात, आणि गुण घसरले की खेळाडू बाहेर. म्हणून हुशार गडी पहिल्याच परीक्षेत मुद्दाम ढ बनतात. घसरायला जागाच ठेवत नाहीत. बारा वर्षांतला आपला एकेक गोल तारखेसकट सांगणारा प्रूडी सप्टेंबरात पाच शब्द आठवू शकला नव्हता, आणि तेव्हा हॅंचीसुद्धा सगळ्यांबरोबर खो खो हसला होता. आता डॉक्टर म्हणत होते, गुण होते तेवढेच आहेत, मी काय करू? खेळाडूने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्याशिवाय त्यांचे हात बांधलेले. आणि प्रूडीचा करार याच वसंतात संपणार होता. तो मेला तरी कबूल करणार नव्हता. पुढचा धक्का साधा असेल की भलताच, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

तो प्रशिक्षक मॅकिसॅकच्या खोलीत गेला.

"मॅक, आज रात्रीच्या सामन्यात प्रूडीला बाहेर बसव."

मॅकने तोंडातलं सँडविच तसंच धरलं. "कप्तानाला? का?"

"का ते विचारू नकोस. त्यालाही सांगू नकोस. पत्रकारांना तर मुळीच नाही."

"वरच्या अंगाची दुखापत म्हणून टाकू?"

या धंद्यात दुखापतीचं नाव घेत नाहीत. वरच्या अंगाची किंवा खालच्या अंगाची, एवढंच सांगायचं, नाहीतर समोरचे नेमके तिथेच ठोकतात. पण वरचं अंग म्हटलं असतं तर प्रूडीने अर्ध्या तासात डॉक्टरांचा दाखला आणून टेबलावर आपटला असता.

"काहीच टाकू नकोस. नुसता बसव."

"तुला माहितीये ना आज कुठला दिवस आहे?" मॅक म्हणाला.

"माहितीये, म्हणूनच घाईत आहे," असं म्हणून हॅंची निघालासुद्धा. संघासंघांतली खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती आणि त्याला एक गोलरक्षक हवा होता. दिवसभर तो कार्यालयाचं दार लावून फोनला चिकटून बसला. याला मस्का लाव, त्याला दम दे, तिसऱ्याच्या पोराबाळांची चौकशी कर. गोलरक्षक काही मिळाला नाही. सामना सुरू झाल्यावर भुकेने कळवळत तो खाली हॉटडॉगच्या टपरीपाशी आला.

टपरीवर आयरीन होती. ती हॅंचीच्या खेळण्याच्या दिवसांपासून तिथेच होती आणि त्याच्या हॉटडॉगवर न मागता दुप्पट मोहरीचा सॉस घालायची. आज तिने कोरडा पाव समोर सरकवला.

"मोहरी?"

"संपली."

"ती काय बाटली, तुझ्या हातात."

"कप्तान विकणाऱ्यांसाठी संपली."

"कुणी विकला कप्तान?"

"वेड पांघरू नकोस, हॅंची! मुदतीच्या आदल्या दिवशी ठणठणीत माणसाला कारण न सांगता बसवतात ते काय, त्याला थंडी वाजते म्हणून? दुपारी प्रूडीची बायको नोएला मुलीला घ्यायला शाळेत गेली तर तिथली मास्तरीण गळ्यात पडून रडली तिच्या. आणि प्रूडी सगळ्यांशी हात मिळवून घरी गेलाय, पेट्या भरायला. लाज वाटते का थोडी?"

हॅंचीचा चेहरा पडला. अदलाबदल ठरत आली की खेळाडूला जपून बाहेर बसवतात, उगाच मोडला तर सौदा फिसकटेल म्हणून. हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो स्वतः असा तीनदा बसला होता, एकदा तर त्याची रवानगी त्याला न्हाव्याच्या दुकानात रेडिओवरून कळली होती. आणि आज त्याच गाढवपणाने त्याने एका घरावर वरवंटा फिरवला होता. तो पाव तिथेच टाकून, कोट न घालता बाहेर पळाला.

प्रूडीच्या घराचं दार नोएलाने उघडलं. ती याच गावची. रुग्णालयात तिला नुकतीच कायमची नोकरी लागली होती. तिच्यामागे पुठ्ठ्याची खोकी उघडी पडली होती आणि तिचे डोळे सुजले होते.

"आत ये," ती म्हणाली. "बूट काढ आधी. मला तुला शिव्या घालायच्यात, पण त्यासाठी माझी फरशी ओली व्हायला नको."

"नोएला, ऐक, मी..."

"फोन तरी करायचास. एक फोन! तुझ्या बायकोने सहा वेळा गाव बदलताना काय भोगलं ते तिने मला स्वतः सांगितलंय. तळघरात आहे तो. जा, तूच सांग कुठे पाठवतोयस ते. माझ्यात ऐकायची ताकद नाही."

तळघरात अंधार होता. प्रूडी सोफ्यावर आडवा, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"दिवा लावू नकोस," तो म्हणाला. "कोण, हॅंची? बस. नाही, काही बोलू नकोस, आधी मी बोलतो. ज्यांना कुणाला विकलं असशील, त्यांना फोन कर आणि सौदा मोड."

"प्रूडी..."

"थांब रे! एकदा थांबलो तर पुन्हा जमायचं नाही मला." तो उठून बसला. "माझं डोकं गेलंय. नाताळच्या आधी लागलं, गेल्या आठवड्यात परत लागलं. पक दोन दिसतात. काल घरी येताना वळण विसरलो, याच गावात, माझ्याच गल्लीचं. इथे लपवत होतो, कारण तुम्ही माझी माणसं, मला वाटलं तुमच्यासाठी खेळतोय. पण परक्यांच्या गळ्यात सडका माल बांधायचा, ते विश्वासाने घेणार, आणि नाव तुझं खराब होणार... ते नाही होणार माझ्याच्याने."

विकलं नाही, हे शब्द हॅंचीच्या जिभेवर आले होते. ते त्याने अजून थोडा वेळ दाताखाली धरून ठेवले. हे काही फार सज्जनपणाचं नाही, हे त्याला कळत होतं.

"हे डॉक्टरांना सांगशील?" त्याने विचारलं.

"सांगतो. उद्या सकाळी सांगतो. तू फक्त तो फोन कर."

"फोन कुणाला करू? तुला कुणाला विकलेलंच नाही."

प्रूडीने डोळ्यांवरची टोपी वर सारली.

"मग बसवलं कशाला?"

"सकाळी तू दिव्यांकडे पाठ करत होतास म्हणून."

"हरामखोरा," प्रूडी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "मी अख्ख्या गावाचा निरोप घेतला! मॅकला मिठी मारली! मॅकला!" तो हसायला लागला, हसताना त्याला दुखलं, म्हणून त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं, आणि तसाच धरून तो रडायला लागला. "सुटलो रे," तो म्हणत राहिला. "सुटलो. उद्या नाही खेळायचं ना? परवा पण नाही?"

"नाही. करार मी बघतो. तू झोप."

हॅंचीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. पंधरा हंगामांत त्याला कुणी असं हाताला धरून बाहेर ओढलं नव्हतं. आपण एकाला तरी ओढलं, या आनंदात त्याला आपला गाढवपणाही गोड वाटायला लागला.

जिन्यावर काहीतरी वाजलं. नोएला पायरीवर बसली होती. किती वेळ, कोण जाणे.

"म्हणून?" ती म्हणाली. "म्हणून दिवे बंद करून जेवायचास? म्हणून लेक पियानोला बसली की उठून जायचास?"

"तुला घाबरवायचं नव्हतं."

"घाबरवायचं नव्हतं! महिनाभर तू माझ्याशी धड बोलला नाहीस, कर्टिस. मी इकडे चेहरा केला की तू तिकडे करायचास. मला वाटलं तुझं मन उडालं माझ्यावरून. आज खोकी भरताना मी तुझी वेगळी भरली, माहितीये? तू एकटाच जाणार, आम्हाला नेणार नाहीस, असं धरून चालले होते मी."

प्रूडी टोपी काढून तिच्याकडे बघत राहिला. उजेड नव्हता तरी बघत राहिला.

ती उतरून आली, सोफ्यावर त्याच्याशेजारी बसली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून हलकेच आपल्या मांडीवर ठेवलं.

"डोकंच ना फक्त?" ती म्हणाली. "देवा, नुसतं डोकंच ना!"