शिडाची गाडी आणि मामांची किल्ली

शिडाची गाडी मी का बनवायला घेतली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी शिंपी माणूस, यंत्रात कळतं ते शिवणयंत्रापुरतं. पण दुकानात छत्रीचं कापड उरलं होतं, माळ्यावर बाबागाडीची तीन चाकं होती आणि एका मोडक्या खेळण्यातलं रिमोटचं सामान होतं. रिकामं डोकं, दुसरं काय!

या गाडीला इंजिन नाही. तिला ढकलतो तो वारा. रिमोटच्या एका काडीने पुढचं चाक वळवायचं, दुसरीने शिडाची दोरी सैल किंवा घट्ट करायची. पहिलं शीड मी टेबलावरच्या चादरीसारखं सपाट शिवलं, ते नुसतं फडफडलं. मग ब्लाउजला घालतो तसे दोन टक्स घातले. शिडाला पोट आलं आणि गाडी सुटली. वारा बाजूने येत होता आणि ही पळत होती समोर! असं का, ते देव जाणे. जाताना सरळ जायची. परत येताना मात्र तिचं तोंड माझ्याकडे, त्यामुळे तिचं उजवं ते माझं डावं. माझा अंगठा हे काही केल्या मानेना. तीन आठवडे मी तिला रोज कुंपणातून उपसून काढत होतो.

माझे सासरे आमच्याकडेच राहतात. मी त्यांना मामा म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी बस चालवली, एक ओरखडा नाही. निवृत्तीनंतर छोटी मोटार घेतली. या वर्षी मात्र फाटकाचा खांब दोनदा ठोकला, आणि दोन्ही वेळा खांबच मध्ये आला म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद करा. मामांनी डॉक्टरच बंद केले. किल्ली खिशात घेऊन झोपायला लागले.

"उद्या बाबांनी कुणाला उडवलं म्हणजे?" बायको रोज विचारायची. तिचं खरं होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

एक दिवस मामांनी माझा कारखाना पाहिला. "इंजिन नाही, ब्रेक नाही. जावईबापू, ही गाडी आहे की वाळत घातलेला लेंगा?"

मी चिडलो. "मैदानाच्या त्या टोकाला नेऊन परत आणून दाखवा, मग बोला."

"आणली तर?"

बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आणली तर किल्ली तुमची. परत कुणी नाव काढणार नाही. नाही आणली तर माझी."

"ठरलं," मामा म्हणाले.

ती गाडी मलाच परत आणता येत नाही, हे बायकोला माहीत होतं. दोन चांगल्या डोळ्यांच्या माणसाला जे जमत नाही, त्यात म्हाताऱ्याला नापास करायचं, ही शुद्ध फसवणूक होती. मी तोंड मिटून बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

रविवारी सकाळी मैदानावर जाताना मोटार मामांनीच चालवली. डाव्या अंगाने आलेल्या सायकलवाल्याने उडी मारून जीव वाचवला. मामा हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

शाळेचं डांबरी मैदान रिकामं होतं. मामांनी रिमोट घेतला, दोरी हळूहळू आवळली. गाडी सरळ गेली. टोकाला त्यांनी तिला असं ऐसपैस वळण दिलं, की मी आपोआप 'वा' म्हणालो. मग ती आमच्याकडे फिरली आणि लगेच कुंपणाकडे सरकली. आता पडावी असं वाटत होतं, आणि पडू नये असंही वाटत होतं. मला माझंच कळेना.

तेवढ्यात मामांनी गाडीकडे पाठ केली आणि मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. आता त्यांचं उजवं ते गाडीचं उजवं! तीन आठवड्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझे हात आपोआप हवेत हलत होते, इकडे, इकडे, आता तिकडे. गाडी वाकडी होई, पुन्हा सरळ येई. शेवटी मी दोन्ही तळवे पुढे केले, मामांनी दोरी सोडली, आणि गाडी त्यांच्या टाचेजवळ थांबली.

"जिंकलात मामा!" मी ओरडलो. मनातून मोकळा झालो होतो. आणि पुढच्याच क्षणी तो सायकलवाला आठवला.

मामांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"अहो, पण तुम्ही जिंकलात!"

"वळवल्यावर ती मला दिसलीच नाही. नुसतं डांबर."

"मग आणली कशी?"

"तुमच्या हातांकडे बघून. मागे कंडक्टर उभा असला की बस अशीच मागे घ्यायचो. त्याचा हात जाईल तिकडे स्टिअरिंग." त्यांनी रिमोटही माझ्याकडे दिला. "मैदानात जमलं. पण रस्त्यावर तुम्ही माझ्यासमोर कुठं कुठं उभे राहणार?"

मी शीड गुंडाळलं, गाडी डिकीत टाकली.

घरी जाताना मोटार मी चालवली. मामा शेजारी बसले होते आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता. मला रडू येत होतं. मामा जिंकले असं बायकोला सांगायचं की हरले, हे घर येईपर्यंत माझं ठरलं नाही.