मान खाली

ऐक ना, मधे काही विचारू नकोस, फक्त ऐक. ब्रोनीनं समोर उभं राहून गोल्फच्या स्टिकची मूठ आपल्या बाबांच्या टोपीला टेकवली.

"आता डोकं हलवायचं नाही. बॉल गेला तरी खालीच बघायचं."

"शाळेत कोपऱ्यात उभं केल्यासारखं वाटतंय," बाबा पुटपुटले.

मागच्या बाकावर डगी बसला होता, बाबांचा जुना दोस्त. "लेस, पोरगी सांगते ते कर की! वर्षभर सशासारखे बॉल पळवतोयस जमिनीवरून."

खरंच होतं ते. गव्हाच्या शेतांमधलं त्यांचं ते गावठी गोल्फचं मैदान, होलभोवती हिरवळीऐवजी तेल घातलेली काळी वाळू, आणि तिथे आयुष्यभर सरळ फटके मारलेला हा माणूस. आई गेली, आणि त्यानंतर कधीतरी बाबांची मान फटका मारायच्या आधीच वर यायला लागली. स्टिक बॉलच्या डोक्याला नुसती खरचटायची, बॉल घरंगळत जायचा. हा रोग सगळ्यांनाच होतो गं, त्यात विशेष काही नाही. पण बाबांना आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. हे मैदान, आणि शाळेची बस चालवणं. लांबलांबच्या फार्मांवरून पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची. ब्रोनीची लेक एल्सीसुद्धा त्याच बसनं जाते, आजोबांच्या अगदी मागच्या सीटवर बसून.

बाबांनी स्टिक मागे नेली. डोकं जागच्या जागी. आणि असला आवाज झाला ना, खणखणीत! बॉल उठला, सरळ गेला, वाळूच्या अलीकडे कोरड्या गवतावर टप्पा खाऊन थांबला. पांढराशुभ्र, लख्ख दिसत होता.

"वा रे म्हाताऱ्या!" डगी ओरडला.

बाबांनी सावकाश मान वर केली. "कुठे गेला?"

"समोरच की."

बाबांनी समोर बघितलं. मग तोंड थोडं उजवीकडे वळवलं, थोडं डावीकडे, कोंबडी दाण्याकडे बघते ना, तसं. ब्रोनीला हसू आलं, आणि ते तिथेच थांबलं. मान वर येणं ही वाईट सवय नव्हतीच. बॉल उडतानाच नजरेनं पकडला नाही, तर मग तो त्यांना सापडतच नव्हता.

ती हळूच म्हणाली, "ते कांगारू बसलेत ना वाळूजवळ, हाकलू का त्यांना?"

समोर एकही कांगारू नव्हता. नुसतं गवत आणि तो बॉल.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "बॉल आला की उठतील आपोआप."

ब्रोनीची स्टिक खाली आली. ती जमिनीला टेकल्याचा आवाज बाबांनी ऐकला असावा. पुढचा बॉल ठेवायला वाकलेले ते तसेच थांबले.

"नाहीयेत ना कांगारू?"

"नाहीयेत."

"मधोमध धुरकट झालंय सगळं. कडेनं दिसतं मला." आवाज इतका हळू, की डगीला ऐकू जाऊ नये. "रस्ता पाठ आहे, ब्रोनी. नाताळपर्यंत फक्त, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. मग मीच सोडतो बस. तोवर कुणाला बोलू नकोस."

"आणि कुणी आडवं आलं तर, बाबा?"

बाबा डोक्यावरची टोपी काढून झटकत राहिले.

तेवढ्यात डगी उठून आलाच. "मानलं तुला, पोरी! सोमवारी माझ्या नातीलाही शिकवायला धर. शाळा सुटली की लेसच तिला बसमधून इथे आणून सोडेल. काय रे?"

बाबा ब्रोनीकडे बघत होते, म्हणजे तिच्या कानाच्या जरा बाजूला. तिचा चेहरा दिसायचा तर त्यांना तिकडेच बघावं लागत होतं.

आणि डगी हसत उभा, ब्रोनीच्या होकाराची वाट बघत. सांग ना, तिच्या जागी तू काय म्हणाली असतीस?