रांगेतल्या चपला आणि माझं एक पान

मी एक जुनी नियमपुस्तिका आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे वयानं नव्हे, वापरानं. मतदान केंद्राध्यक्षानं काय करावं आणि काय करू नये, ते सगळं माझ्यात छापलेलं आहे. संसदेनं केलेल्या कायद्याखाली हे नियम तयार झाले आणि सबंध देशाची निवडणूक त्यांच्यावर चालते. म्हणून मी थोडी ऐट मिरवते, हे कबूल करते.

छापखान्यातून गठ्ठ्यानं मी वर्ध्याला आले. लोकसभेच्या निवडणुकीआधी प्रशिक्षणात पिपरी मेघे गावच्या सुलोचनाबाईंच्या हाती पडले. त्या शिक्षिका, आणि केंद्राध्यक्ष म्हणून ही त्यांची पहिलीच खेप. बाकीचे लोक माझ्या भावंडांनी वारा घेत चहाची वाट पाहत होते. सुलोचनाबाई मात्र पेन्सिलीनं खुणा करत होत्या. आठ दिवसांत माझे कोपरे दुमडले, पाठ मोडली. मला ते फार आवडलं.

मतदान आंजीकडच्या एका गावात, शाळेच्या खोलीत होतं. ऊन एप्रिलचं. तिथले लोक उन्हात उगाच उभे राहत नाहीत. रांगेत चपला ठेवतात आणि आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसतात. रांग पुढं गेली की जो उठेल तो सगळ्यांच्या चपला सरकवतो. दिवसभर कुणाची तक्रार नव्हती.

सहा वाजले, वेळ संपली. अशा वेळी केंद्राध्यक्षानं शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढं सहीच्या चिठ्ठ्या वाटायच्या असतात, म्हणजे मागून नवं कुणी घुसत नाही. सुलोचनाबाई चिठ्ठ्या घेऊन बाहेर आल्या, तशी माणसं धावत आपापल्या चपलांत उभी राहिली. एक जोड तेवढा रिकामा राहिला.

"मॅडम, आता चपलीले चिठ्ठी देता का?" चंद्रभान म्हणाला. तो एका उमेदवाराचा प्रतिनिधी होता. "टाइम संपला. लाइनीत बाई नाई."

चपला सत्तरीच्या सीताबाईंच्या होत्या. गुडघा धरल्यामुळं त्यांना उठायलाच वेळ लागला. काठी टेकत त्या निंबाखालून येत होत्या. त्यांचं मत चंद्रभानच्या उमेदवाराला जाणार नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"माय, मी इथंच तं होती!" सीताबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेले यादीत नावच नव्हतं. यंदा फारम भरून आणलं नाव. आता मले काऊन परत पाठवून राह्यले?"

सुलोचनाबाईंना नाही म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं तर वर तक्रार जाणार होती. बाईंनी मला उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. केंद्र बंद होण्यापूर्वी तिथं हजर असलेल्या प्रत्येक मतदाराला मत देऊ द्यावं. हजर होता की नाही असा प्रश्न निघाला, तर निर्णय केंद्राध्यक्षाचा, आणि तोच अखेरचा.

"चंद्रभानभाऊ, निंब तर आवारातच आहे. आजी सहाच्या आधीपासून इथं होत्या का? तुम्ही पाह्यलं का?"

चंद्रभाननं रिकाम्या चपलांकडं पाहिलं.

"पाह्यलं," तो शेवटी म्हणाला. "साडेपाचले मीच पाणी देल्लं बुढीले."

त्या क्षणी मला माझ्याइतकाच त्याचाही अभिमान वाटला. सुलोचनाबाईंनी सीताबाईंच्या हातात चिठ्ठी ठेवली. थोड्या वेळानं आतून यंत्राचा लांब आवाज आला. असा आवाज त्या दिवशी शेकडो वेळा झाला होता, पण या वेळी रांगेतल्या सगळ्यांनी मान वळवून पाहिलं.

बाहेर पडताना सीताबाई सुलोचनाबाईंजवळ थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"कोनतं पान होतं, माय?"

सुलोचनाबाईंनी दाखवलं. सीताबाईंनी त्या ओळींवर बोट टेकवलं. बोटावरची शाई अजून ओली होती.

पुढच्या निवडणुकीला माझी नवी आवृत्ती येईल आणि मी रद्दीत जाईन. त्याची मला खंत नाही असं नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीत बसेल. तेव्हा कुणाला परत पाठवण्याआधी नियम उघडून वाचा. माझ्यासारख्या पुस्तिका पुष्कळ छापल्या गेल्या, पण मतदाराच्या बोटाचा जांभळा ठसा माझ्याच पानावर आहे, आणि तो अजून पुसला गेलेला नाही.